गरोदरपणाच्या तपासणीत राहून जाणारा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यातल्या कोणत्याही उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला येते, तेव्हा तिला पुष्कळ गोष्टी विचारल्या जातात. शेवटची पाळी कधी आली, कितवी खेप, आधीचं मूल जगलं की गेलं, सिझर झालं होतं का, घरात कुणाला साखर आहे का. मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, एचआयव्हीची आणि काविळीची तपासणी. लोहाच्या गोळ्या हातात पडतात आणि सगळं माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलं जातं. यातला प्रत्येक प्रश्न आई किंवा बाळ दगावू नये म्हणून विचारलेला असतो. त्याच हेतूनं विचारायला हवा असा एक प्रश्न मात्र राहून जातो: घरात तुम्हाला कुणी मारतं का, छळतं का, घरात तुम्हाला भीती वाटते का? हा प्रश्न गरोदरपणाच्या तपासणीचा नेहमीचा भाग व्हायला हवा, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. तो कुणी, कुठे आणि कशाच्या तयारीवर विचारायचा, यावर त्याचं भलंबुरं अवलंबून आहे, हा त्या म्हणण्याचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग.

हा प्रश्न वैद्यकीय आहे की सामाजिक, अशी शंका अनेक डॉक्टरांना येते. तिचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. १९९०च्या दशकात राज्यातल्या तीन जिल्ह्यांतली ४०० गावं आणि सात रुग्णालयं इथल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. मृत बाईच्या घरच्यांशी आणि आसपासच्यांशी बोलून मृत्यूचं कारण शोधण्याची ती पद्धत होती. गरोदरपणात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के मृत्यूंमागे घरातली हिंसा असल्याचं त्यात दिसलं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके यांसाठी आपण औषधं, रक्तपेढ्या आणि १०८ची गाडी उभी केली. जवळजवळ दर सहा मृत्यूंतल्या एकामागचं हे कारण मात्र कुठल्याही तपासणीच्या तक्त्यात आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अनेक देशांच्या पाहणीतही हेच चित्र होतं. गरोदरपणात मार खाल्लेल्या बायकांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ४ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान होतं, आणि त्यांतल्या पाव ते निम्म्या जणींना पोटावर लाथ किंवा बुक्की बसली होती. मारणारा बहुतेक वेळा पोटातल्या बाळाचा बापच होता.

पोटावर मार बसला की वार वेळेआधी सुटू शकते, आतल्या आत रक्त साचतं, बाळ गुदमरतं आणि आईही जाऊ शकते. पण हिंसेचा घाव नेहमी इतका उघड नसतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचं वजन भरत नाही. गोळ्या दिल्या तरी हिमोग्लोबिन सातावरच अडून राहतं, कारण गोळ्या तिच्यापर्यंत पोचतच नाहीत किंवा त्या घेतल्या तर बोलणी बसतात. नवव्या महिन्यात पाण्याच्या घागरी वाहायला लावणं, दवाखान्यात जायला पैसे न देणं, नको असताना शरीरसंबंध लादणं, माहेरी फोन करू न देणं, हे सगळं कार्डावर ‘रक्तक्षय’, ‘वजन कमी’, ‘नोंदणीस उशीर’, ‘वारंवार संसर्ग’ अशा नावांनी उतरतं. मोरीत पाय घसरला, जिन्यावरून पडले, म्हशीनं ढुशी दिली, ही कारणं ज्या सिस्टरनं वर्षानुवर्षं ऐकली आहेत तिला त्यांतलं खरं-खोटं पुष्कळदा कळतं. पुढं काय विचारायचं आणि विचारल्यावर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून ती मलम लावते आणि पुढच्या बाईला हाक मारते.

कागलमध्ये हे प्रमाण किती, याचा आकडा उपलब्ध नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसेविषयीचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जातात, त्यामुळे उत्तर राज्याच्या पातळीवर मिळतं, जिल्ह्याच्या नाही. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींत एकीनं नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. देशभरात गरोदरपणी मार खाल्ल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ३.१ टक्के आलं. मला यातला आणखी एक आकडा सर्वांत बोलका वाटतो. देशात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कुणापाशी शब्दही काढला नाही. मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी, आणि तीही बहुतेक माहेरच्यांकडे किंवा जवळच्या माणसांकडे. डॉक्टरकडे किंवा पोलिसांत जाणाऱ्या अगदीच थोड्या.

कागलला या बाबतीत एक वारसा आहे. इथल्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. घरातला छळ ही राज्यानं दखल घेण्याची गोष्ट आहे, हे या भूमीवर शंभर वर्षांपूर्वी मान्य झालं होतं. तरीही त्याच कागलमध्ये वाढलेल्या आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) आईची एकामागून एक बाळंतपणं आणि बापाचा मार एकाच घरात चाललेले दिसतात. कायदा चांगला असला तरी तो बाईच्या येण्याची वाट बघत बसतो. १९१९चा असो, २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९८-अ असो किंवा २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा असो, त्यांचं दार बहुतेक वेळा बाईलाच ठोठावावं लागतं. उंबरठा ओलांडून ठाण्यात किंवा कचेरीत जाणारी बाई त्या क्षणी अख्ख्या घराशी वैर घेते. दवाखान्यात जाणाऱ्या पोटुशी बाईवर मात्र कुणी संशय घेत नाही. तिला तिथं घरच पाठवतं, आणि एकदा नाही, चार-पाच वेळा. महाराष्ट्रात शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. लग्न झालेल्या बाईच्या आयुष्यात ती शिकलेल्या, सरकारी आणि नात्याबाहेरच्या माणसासमोर इतक्या वेळा बसते, असा दुसरा काळ नसतो.

कोल्हापूर जिल्ह्यानं पोटातल्या बाळावर नजर ठेवण्याचा एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफीच्या यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडलं गेलं. पडद्यावर काय पाहिलं त्याची नोंद त्यात राहत असे. मुंबई उच्च न्यायालयानंही २०११ साली हा निर्णय उचलून धरला. २०११च्या जनगणनेत हे प्रमाण ८६३ झालं. प्रयत्न धाडसाचा होता, यात वाद नाही. पण यंत्रावर पहारा बसला आणि टेबलावर झोपलेल्या बाईला मात्र कुणी विचारलं नाही की तुला इथं कुणी आणलं. खरं तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचं कलम २४ सांगतं की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालयानं असंच धरून चालावं, की बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी सक्ती केली. म्हणजे कायदाच तिला सक्तीची बळी मानतो. मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि तपासात १९ भ्रूण पुरलेले सापडले. ती बातमी देशभर गाजली ती डॉक्टरच्या क्रौर्यासाठी. दुसरी-तिसरी मुलगी नको म्हणून घरातून होणारी जबरदस्ती हीसुद्धा गरोदरपणातली हिंसाच आहे, आणि तिचा सुगावा यंत्रापेक्षा बाईच्या तोंडून लवकर लागेल. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्यानं फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. ‘हे तुमच्या मनानं होतंय ना?’ हा प्रश्न त्यामुळे डॉक्टरच्या कर्तव्यातच बसतो. तो पाळत ठेवण्यासाठी विचारला गेला तर बाई दवाखाना टाळेल. तिच्या बाजूनं विचारला तर बोलेल.

पहिला आक्षेप नेहमी हाच असतो की बायका सांगणार नाहीत, उलट दुखावतील. मुंबईचा अनुभव वेगळा आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. सार्वजनिक रुग्णालयातच हिंसाग्रस्त बायकांना आधार देणारं ते देशातलं पहिलं केंद्र. पुढं याच संस्थेनं मुंबईच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत गरोदर बायकांना तपासणीदरम्यान एकांतात हिंसेबद्दल विचारण्याचा अभ्यास केला. जवळपास सहापैकी एकीनं चालू गरोदरपणात हिंसा होत असल्याचं सांगितलं. घरोघरच्या पाहणीतल्या ३.१ टक्क्यांशी हा आकडा थेट जोडता येणार नाही, कारण पाहणीत फक्त मारहाण मोजली होती आणि मुंबईत मानसिक, आर्थिक, लैंगिक छळही धरला होता. तरी एवढं नक्की दिसतं की खोलीचं दार लावून, प्रशिक्षित माणसानं, शांतपणे विचारलं तर बायका सांगतात. बहुतेक जणी आजवर बोलल्या नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो अभ्यासकांकडून येतो. सरसकट सगळ्या बायकांना विचारल्यानं हिंसा सापडते, पण कमी होते का? जगभरच्या प्रयोगांचा २०१५चा कोक्रेन आढावा सांगतो की विचारल्यानं ओळखल्या जाणाऱ्या बायकांची संख्या वाढते, गरोदरपणाच्या तपासणीत तर विशेष वाढते, पण नुसत्या विचारण्यानं त्यांचा त्रास कमी झाल्याचा पुरावा नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारायची शिफारस केलेली नाही. गरोदरपणाची तपासणी ही मात्र विचारण्याची खास संधी आहे, असं तिनंच म्हटलं आणि अटी घातल्या: लेखी कार्यपद्धती हवी, विचारणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं हवं, एकांत आणि गुप्तता हवी, आणि पुढं पाठवायची सोय हवी. हा आढावा माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. प्रश्न हा उपचाराचा पहिला टप्पा आहे, उपचार नव्हे, एवढंच तो सांगतो. रक्तदाब नुसता मोजून कुणाचा उतरत नाही, आणि तरीही मोजणं बंद करा असं कुणी म्हणत नाही. जिथं विचारण्यामागं समुपदेशन होतं तिथलं चित्र आशादायक आहे. वॉशिंग्टन शहरात एक हजाराहून अधिक गरोदर कृष्णवर्णीय बायकांवर झालेल्या प्रयोगात (२०१०) समुपदेशन मिळालेल्यांत पुन्हा मार बसण्याचं आणि फार लवकर बाळंत होण्याचं प्रमाण घटलं. मुंबईच्या दोन रुग्णालयांतही समुपदेशनानंतर हिंसा कमी झाल्याचं आणि बायका स्वतःच्या सुरक्षेचा विचार करू लागल्याचं नोंदलं गेलं. तिथं तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून तो पुरावा तितका भक्कम नाही. पण तो आपल्या मातीतला आहे.

खरी भीती आहे ती चुकीच्या जागी विचारण्याची. तपासणीला सून येते तेव्हा बरोबर सासू किंवा जाऊ असते, कधी नवरा मोटारसायकल लावून दारातच उभा असतो. त्यांच्यासमोर हा प्रश्न विचारला तर बाई ‘न्हाई हो, तसं काय न्हाई’ म्हणणार आणि घरी गेल्यावर तिचीच झडती होणार. म्हणून वजन-पोट तपासायला बाई एकटीच आत जाते, तीच वेळ धरायला हवी. आपल्याकडची रूढी इथं मदतीला येते. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर, डोहाळजेवण करून माहेरी जाते. तेव्हा तपासणीला आई बरोबर असते, सासर लांब असतं आणि मन मोकळं व्हायला जागा असते. सासरच्या केंद्रात गप्प राहिलेली बाई माहेरच्या केंद्रात बोलू शकते. म्हणून एकदाच विचारून रकाना भरून टाकू नये. कागलच्या पुष्कळ लेकी निपाणी-चिकोडीकडे दिलेल्या आहेत. त्या बाळंतपणाला इकडे येतात तेव्हा राज्य बदलतं आणि दवाखाना बदलतो, कार्ड मात्र तेच असतं. ते कार्ड घरात सगळ्यांच्या हाती पडतं, त्यामुळे हिंसेची नोंद त्यावर कधीही होता कामा नये. ती दवाखान्याच्या कुलपातल्या नोंदवहीतच राहायला हवी. आणि माझं ठाम मत असं की हा प्रश्न आशाताईंवर टाकू नये. त्या त्याच गावच्या, बऱ्याचदा त्याच भावकीतल्या असतात. सांगणारीला त्यांची भीती वाटेल आणि त्यांना गावाची. बाईला तपासणीपर्यंत आणण्याचं मोलाचं काम त्या करतातच. विचारायचं काम खोलीतल्या सिस्टरचं आणि डॉक्टरचं.

‘विचारू, पण पुढं काय?’ हे सिस्टरचं म्हणणं सर्वांत प्रामाणिक आहे. बाई रडायला लागली आणि बाहेर पन्नास जणी थांबलेल्या असल्या तर काय करायचं? पहिली गोष्ट, घर सोड किंवा तक्रार कर असा सल्ला द्यायचा नाही. ऐकून घ्यायचं, ‘यात तुमची चूक नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, आज रात्री घरी जाणं धोक्याचं आहे का ते विचारायचं. मारताना शस्त्र उचललं का, गळा दाबला का, जीव द्यावासा वाटतो का, हे तीन प्रश्न जोखीम ओळखायला फार उपयोगी आहेत. अडचणीत कुणाच्या घरी जाता येईल, कागदपत्रं आणि थोडे पैसे कुठं ठेवता येतील, हे दोन-चार मिनिटांत बोलून होतं. पुढच्या मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्याचं सखी केंद्र, संरक्षण अधिकारी आणि मोठ्या उपचारासाठी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आहे. दवाखान्याची कायदेशीर जबाबदारीही ठरलेली आहे. २००५च्या कायद्याच्या कलम ७ नुसार वैद्यकीय मदत नाकारता येत नाही, आणि २००६च्या नियमावलीतल्या नियम १७ नुसार आधी घटना अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. बाईशी बोलून, तिला परिणाम समजावूनच तो भरला पाहिजे, नाहीतर मदतीचाच फास होतो.

वेळ नाही, माणसं नाहीत, ही तक्रार खरी आहे. तरीही आपल्या आरोग्यसेवेनं याहून अवघड गोष्ट एकदा करून दाखवलेली आहे. एचआयव्हीची साथ जोरात असताना महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत प्रत्येक गरोदर बाईला एकांतात बसवून चाचणीबद्दल बोलायला सुरुवात झाली. त्या काळी हा आजार उच्चारायचीही चोरी होती. समुपदेशक नेमले, त्यांना खोली दिली, गुप्ततेचे नियम केले, आणि काही वर्षांत ती तपासणी रक्तगटासारखी नेहमीची झाली. हिंसेबद्दल प्रशिक्षणही राज्यात नवं राहिलेलं नाही. तेव्हाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि मिरज-सांगलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांना जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं शिकवून त्यांचं ज्ञान आणि वागणूक बदलते का, हे तपासलं गेलं आणि फरक दिसला. मिरज कागलपासून काही फार लांब नाही.

दोन अडचणी मात्र अशा आहेत की त्यांवर सोपं उत्तर नाही. गरोदर मुलगी अठराच्या आतली असेल तर लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, तेव्हा हा प्रसंग वारंवार येणार. गुप्ततेचं वचन देण्याआधी तिची मर्यादा सांगणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. दुसरी अडचण दवाखान्याच्या आतली आहे. कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारणारा हात आणि ‘तेव्हा नाही कळलं का’ म्हणणारी जीभ प्रसूतिगृहांत अजून भेटते. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं सन्मानाची वागणूक हा प्रसूतिसेवेचा भाग ठरवला आहे. जिथं बाईला सेवाच मारते तिथं ‘घरी कुणी मारतं का’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही, आणि त्याची दुरुस्ती याच कामात धरली पाहिजे. याशिवाय हंगामात साखर कारखान्यांच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतल्या गरोदर बायकांचे तर दोन्हीकडून हाल. त्यांना ना सासरची आरोग्यसेविका ओळखते, ना इथली. खोपीत एकांत नाही आणि उचल फिटेपर्यंत माहेर नाही. त्यांच्यासाठी फडावर आलेल्या पथकानं गाडीत किंवा तंबूत आडोसा करून बोलण्याची सोय केली नाही, तर त्या या सगळ्यातून सुटून जातील.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. सुरुवात तिथून करता येईल. एक दार लागणारी खोली, एक प्रशिक्षित सिस्टर, कुलपातली एक वही आणि भिंतीवर १८१ क्रमांक, एवढ्यावर. वाचकाकडूनही एक अपेक्षा आहे. तुमच्या घरातल्या सुनेला, बहिणीला किंवा बायकोला तुम्ही तपासणीला घेऊन गेलात आणि सिस्टर म्हणाल्या की तुम्ही जरा बाहेर थांबा, तर कारण न विचारता बाहेर थांबा, आणि घरी परतताना आत काय बोलणं झालं तेही तिला विचारू नका.